टोकियोचं निशी-कासाइ: किराण्याच्या पलीकडची वस्ती कशी ओळखायची

पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी टोकियोत उतरलेल्या मराठी माणसाला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगतं, "निशी-कासाइला जा, सगळं मिळतं तिथे." मग तो शनिवारी जातो, तूरडाळ, पोहे, कणीक घेतो, डोसा खातो आणि पिशव्या सांभाळत परतीची गाडी पकडतो. दहा-दहा वर्षं असे येणारे-जाणारे लोक मला माहीत आहेत. स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर एवढी मोठी नदी आहे, हे त्यांच्या गावीही नसतं.

मी या वस्तीत बरीच वर्षं राहतोय. नव्याने येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला मी एकच सांगतो: दुकानं आपोआप सापडतील, आधी इथलं पाणी बघून घ्या. ही वस्ती नदी आणि समुद्र यांच्या जागेत घुसून उभी राहिली आहे. जमीन कुठे खोल, कुठे उंच, कुठली मूळची, कुठली भरावाची, हे एकदा समजलं की रस्ते, बागा, इमारती, इतकंच काय घरभाड्याचा निर्णयसुद्धा सोपा होतो. त्यासाठी एक शनिवार-रविवार मोकळा ठेवा आणि पुढचा महिनाभर थोडा थोडा वेळ काढा.

घरी बसून: तीन नकाशे

निशी-कासाइ हा टोकियोच्या 23 विशेष वॉर्डांपैकी एदोगावा-कु या वॉर्डाचा भाग. वॉर्ड म्हटल्यावर मुंबई महापालिकेचा वॉर्ड डोळ्यांसमोर आणू नका. इथल्या कु-ला स्वतःचा निवडून आलेला प्रमुख असतो, स्वतःचं सभागृह असतं, आणि या एकट्या कु-ची लोकसंख्या सात लाखांच्या जवळ आहे. पश्चिमेला आराकावा, पूर्वेला एदो नदी, दक्षिणेला टोकियोचा उपसागर. तीन बाजूंना पाणी.

पहिला नकाशा रेल्वेचा घ्या. केइसेइ, सोबू, शिंजुकु, तोझाई आणि केइयो, या पाचही लाइनी पूर्व-पश्चिम धावतात. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारी रेल्वे या कु-त नाही, त्यामुळे उभं जायचं तर बस किंवा सायकल. हे आधीच लक्षात ठेवा. नवीन माणूस वॉर्डातल्या वॉर्डात जाण्यासाठी शहराच्या मध्यापर्यंत उलटा प्रवास करून येतो आणि तास घालवतो.

दुसरा नकाशा जमिनीच्या उंचीचा. जपानच्या सरकारी भूमापन संस्थेचा, म्हणजे कोकुदो चिरीइनचा नकाशा इंटरनेटवर फुकट आहे. नकाशाच्या मध्यावर जी जागा आणाल तिची समुद्रसपाटीपासूनची उंची खाली दिसते. त्याच नकाशावर जुने हवाई फोटोही लावता येतात. आधी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातला फोटो लावा, मग 1960च्या दशकातला, मग 1970च्या दशकातला. आज जिथे सेइशिन-चो आणि रिंकाइ-चोच्या उंच इमारती आहेत तिथे पहिल्या फोटोत समुद्र दिसेल. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा रात्री उशिरापर्यंत फोटो पुढे-मागे करत बसलो होतो. आपण राहतो ती जागा तयार होताना बघायला मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे.

उंचीचे आकडे बघताना एक गोष्ट चकवते. समुद्राकडे गेलं की जमीन उतरत जाईल असं आपल्याला वाटतं, पण इथे उलट आहे. स्टेशनच्या उत्तरेला, जुन्या वस्तीकडे, उणे आकडे दिसतात. दक्षिणेला भराव घातलेली नवी जमीन मात्र उंच आहे. याचं कारण जमिनीच्या पोटात होतं. कारखान्यांसाठी भूजल आणि त्याच्यासोबत पाण्यात विरघळलेला नैसर्गिक वायू वर्षानुवर्षं उपसला गेला आणि जमीन खचत गेली. 1968 साली निशी-कासाइत एका वर्षात 20 सेंटिमीटरहून जास्त जमीन खचल्याची नोंद आहे. शेवटी 1972 मध्ये टोकियो सरकारने वायू काढण्याचे हक्कच विकत घेतले आणि उपसा थांबवला. खचणं आटोक्यात आलं, पण खाली गेलेली जमीन वर येत नाही. या कु-ची साधारण 70 टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे.

तिसरा नकाशा पुराचा. तो कु-च्या कार्यालयात मिळतो, इंटरनेटवरही आहे. त्याच्याकडे आपण शेवटी येऊ.

शनिवार सकाळ: बांधावर

तोझाई लाइनने निशी-कासाइला उतरा. कासाइ आणि निशी-कासाइला फक्त लोकल थांबते. जलद गाडीत बसलात तर थेट उरायासुला, म्हणजे शेजारच्या चिबा प्रांतात पोचाल. ऑफिसच्या वेळी ही लाइन जपानमधल्या सर्वात गर्दीच्या लाइनींपैकी एक असते, म्हणून पाहुण्यांना आणि मुलांना शनिवारीच न्या.

स्टेशनबाहेर पडलं की दुकानांकडे न वळता रुळांच्या कडेकडेने पश्चिमेला चालायला लागा. रूळ उंच खांबांवर आहेत, वाट चुकायची भीती नाही. पंधरा-वीस मिनिटांनी समोर गवताची एक हिरवी भिंत आडवी येते. तोच बांध. पायऱ्या चढून वर गेलं की एकदम आभाळ मोकळं होतं.

आता घाई करू नका, वरच थांबा. समोर दोन नद्या शेजारी शेजारी वाहतात. अलीकडची नाकागावा, पलीकडची आराकावा, मध्ये एक अरुंद बांध. तोझाई लाइनचा पूल दोन्ही ओलांडतो आणि त्याची लांबी सव्वा किलोमीटरच्या आसपास आहे. आराकावा हे नाव जुनं असलं तरी हे पात्र माणसांनी खणलेलं आहे. 1910 च्या मोठ्या पुरानंतर टोकियोला वाचवण्यासाठी 22 किलोमीटर लांबीचा, सुमारे अर्धा किलोमीटर रुंदीचा हा कालवा खणला गेला. 1924 मध्ये पाणी सोडलं, 1930 मध्ये काम पुरं झालं. ज्यांची घरं आणि शेतं या पात्रात गेली त्यांना उठून दुसरीकडे जावं लागलं. धरणग्रस्त गावं पाहिलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता एकदा नदीकडे बघा आणि मग वळून वस्तीकडे. दोन्हीकडच्या पातळ्या डोळ्यांनी मोजा. भरतीच्या वेळी आलात तर नदीचं पाणी मागच्या घरांच्या दारांपेक्षा वर आहे हे स्पष्ट दिसतं. नकाशावरचा उणे आकडा इथे उभं राहिल्यावर खरा कळतो. म्हणून मी भरतीची वेळ बघून यायला सांगतो.

पुलावरून गाडी जाताना वाऱ्याकडेही लक्ष द्या. 28 फेब्रुवारी 1978 ला याच पुलावर वावटळीने गाडीचे डबे उलटले होते. जोराचा वारा सुटला की तोझाई लाइन आजही सावकाश चालते किंवा थांबते. विमान पकडायचं असेल आणि बाहेर वारा असेल, तर वेळ हाताशी ठेवून निघा.

पत्ता वाचायला शिका

बांधावरून परतताना मुख्य रस्ता सोडून गल्ल्यांतून या. इथे बहुतेक रस्त्यांना नावं नाहीत. पत्ता म्हणजे आकड्यांचा क्रम: निशी-कासाइ 5-6-7 म्हणजे पाचवं चोमे, त्यातला सहावा ठोकळा, त्यातलं सातवं घर. चोमे म्हणजे पेठेचा भाग समजा. खांबांवर आणि भिंतींवर चोमे-ठोकळ्याच्या छोट्या पाट्या असतात आणि घरांचे आकडे ठोकळ्याभोवती प्रदक्षिणा घातल्यासारखे वाढत जातात. फोन खिशात ठेवा आणि एक ठोकळा पूर्ण फिरा. एवढं केलं की टपाल, कुरियर, शाळेचा विभाग, कचऱ्याची जागा, सगळं याच पद्धतीने चालतं हे लक्षात येतं.

अडलात तर कोबान, म्हणजे पोलीस चौकी, शोधा. पत्ता विचारायला तिथे बिनधास्त जायचं असतं. भिंतीवर त्या भागाचा मोठा नकाशा असतो आणि पोलीस बोट ठेवून वाट दाखवतात.

गल्ल्यांत फिरताना आमच्या शेजारच्या आजी मला आठवतात. एकदा त्यांनी सुपरमार्केटच्या गाड्या लावायच्या जागेकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "उमी." उमी म्हणजे समुद्र. त्यांच्या लहानपणी इथे नोरी व्हायची, म्हणजे सुशीभोवती गुंडाळतात ते समुद्रशेवाळ. थंडीत भल्या पहाटे बर्फासारख्या पाण्यात हात घालून ते काढायचं, बारीक चिरायचं, बांबूच्या छोट्या चटयांवर कागदासारखं पातळ थापायचं आणि उन्हात ओळीने उभं करायचं. आजींनी हे सांगताना हातांनी थापून दाखवलं. आपल्याकडे पापड-कुरडया वाळत घालतात तेच हात. कासाइची नोरी एकेकाळी नावाजलेली होती. 1960च्या दशकात कोळ्यांनी मासेमारीचे हक्क सोडले आणि 1972 पासून समुद्रात भराव पडायला लागला. स्टेशन आलं 1979 मध्ये. वस्तीतल्या ज्येष्ठ माणसांशी बोलायचं तर "पूर्वी इथे काय होतं?" हा प्रश्न जपानीत पाठ करून ठेवा: "मुकाशी, कोको वा नान देशिता का?" याला कधी कोरडं उत्तर मिळाल्याचं मला आठवत नाही.

दुपार: आपली माणसं

जेवण स्टेशनजवळ करा. कुठे, ते सांगत नाही. हॉटेलं उघडतात, बंद होतात, आणि जिथे भारतीय कुटुंबं मुलांसह बसलेली दिसतील तिथे जेवलं की झालं. किराणाही उरकून घ्या, पण घरी न्यायची एक पालेभाजी मात्र इथलीच घ्या: कोमात्सुना. नाव या कु-मधल्या कोमात्सुगावा भागावरून पडलं. आठवे शोगुन, म्हणजे त्या काळचे लष्करी राज्यकर्ते, योशिमुने बहिरी ससाणा घेऊन शिकारीला आले असताना त्यांना ही भाजी घातलेलं सार वाढलं आणि त्यांनीच हे नाव दिलं, असं सांगतात. मोहरीच्या कुळातली आहे. लसूण-मिरचीच्या फोडणीवर परतली, वर थोडं दाण्याचं कूट घातलं की भाकरीबरोबर सुरेख लागते. डाळ घालून पातळ भाजीही होते.

जेवण झालं की दक्षिणेला सेइशिन-चोकडे चाला. रुंद रस्ते, झाडांच्या रांगा, दहा-बारा मजली सारख्या इमारती. भारतीय इथेच का जमले, याचं उत्तर या इमारतींत आहे. 2000 सालच्या संगणकांच्या तारखेच्या अडचणीसाठी भारतीय इंजिनियर मोठ्या संख्येने टोकियोत आले. परदेशी माणसाला घर द्यायला मालक तयार नसत, जामीनदार मागत. कोलकात्याचे चहाचे व्यापारी जगमोहन चंद्राणी 1970च्या दशकाच्या शेवटापासून इथे राहत होते. त्यांनी या मुलांना घरं मिळवून द्यायला मदत केली आणि शाकाहारी जेवणाची सोय केली. सेइशिन-चोच्या इमारतींपैकी बऱ्याच यूआर या निमसरकारी गृहनिर्माण संस्थेच्या आहेत. तिथे जामीनदार लागत नाही, दलाली नाही, कराराच्या नूतनीकरणाचे पैसे नाहीत, आणि मालकाला द्यायची, परत न मिळणारी रेइकिनची रक्कमही नाही. अनामत आणि उत्पन्नाची अट मात्र असते. शिवाय तोझाई लाइनने ओतेमाचीची ऑफिसं पंधरा मिनिटांच्या आसपास. एकाने घर घेतलं की तो मित्राला सांगतो. आज जपानमधली भारतीयांची सर्वात मोठी वस्ती याच कु-त आहे.

मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी एक गोष्टही इथलीच. अंबरनाथला जन्मलेले योगेंद्र पुराणिक एप्रिल 2019 मध्ये एदोगावाच्या सभागृहावर निवडून गेले. भारतात जन्मून जपानमध्ये निवडणूक जिंकणारे ते पहिले. टोकियोत मराठी मंडळ आहे, गणेशोत्सव होतो. नव्याने आलेल्यांनी त्याची चौकशी जरूर करावी.

पण इथे मला मनापासून एक सांगायचं आहे. भारतीय दुकानं, भारतीय शाळा, भारतीय डबा, भारतीय मित्र, असं करत करत जपानी शेजाऱ्याचं नावसुद्धा माहीत नसताना इथे वर्षं काढता येतात. तसं होऊ देऊ नका. त्यासाठी उरलेली दुपार ग्योसेन पार्कमध्ये घालवा. स्टेशनच्या उत्तरेला चालत पंधरा मिनिटांवर आहे. तिथे कु-चं छोटं प्राणिसंग्रहालय आहे, फुकट. सोमवारी बंद असतं, निघण्याआधी वेळा बघून घ्या. शेजारीच तळ्याकाठी जपानी पद्धतीचं उद्यान आहे. हाताला धरून नातवंडांना घेऊन आलेले आजोबा, डबे उघडून बसलेल्या आया, एकाच रंगाच्या टोप्या घातलेली पाळणाघरातली मुलं, असं सगळं गाव तिथे भेटतं. मुलं मुलांशी खेळायला लागली की मोठ्यांची ओळख आपोआप होते. जुलैमध्ये तिथे गोल्डफिशचा उत्सव भरतो. खोलगट, पाणथळ जमीन इथे मुबलक होती, म्हणून एदोगावा हे जपानमधल्या गोल्डफिशच्या तीन मोठ्या केंद्रांपैकी एक होतं. पाण्याने आणलेली ही पण एक गोष्ट.

रविवार: वरून आणि टोकाला

सकाळी बसने उत्तरेला फुनाबोरीला जा. स्टेशनसमोरच टॉवर हॉल आहे, 115 मीटर उंचीचा, वर जायला पैसे पडत नाहीत. काल चाललेला बांध, रूळ, सेइशिन-चोच्या इमारती, सगळं वरून जुळवून बघा. हवा स्वच्छ असली तर फुजीही दिसतो. हिवाळ्यातली सकाळ त्यासाठी उत्तम.

लहान मुलं बरोबर असतील तर कासाइ स्टेशनच्या रुळांखालचं भुयारी रेल्वेचं संग्रहालय करा. 1927 साली उएनो-आसाकुसा मार्गावर धावलेला डबा तिथे आहे. त्याच स्टेशनबाहेर जमिनीखाली 9,400 सायकली मावतील असा वाहनतळ आहे. त्यातल्या बहुतेक सायकली यंत्र ठेवतं आणि काढतं. दारापाशी सायकल उभी केली की ती खाली ओढली जाते, कार्ड लावलं की अर्ध्या मिनिटाच्या आत परत येते. मुलं तिथून हलत नाहीत.

दुपारनंतर मात्र समुद्रच. बसने कासाइ रिंकाइ पार्कला जा. 1989 मध्ये उघडलेलं हे उद्यान पूर्णपणे भरावावर आहे. मत्स्यालयात गोल कड्यासारख्या टाकीत ट्यूना फिरत असतात (बुधवारी बंद), 117 मीटर उंचीचं पाळण्याचं चक्र आहे, आणि पाण्यापलीकडे शेजारच्या उरायासुतलं डिस्नेलँड दिसतं. बहुतेक लोक एवढं बघून वळतात. तुम्ही पूल ओलांडून किनाऱ्यावर जा, ओहोटीच्या वेळी. चिखलाची सपाटी उघडी पडते, त्यावर पक्षी उतरतात, मुलं खेकड्यांची बिळं शोधतात. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या माणसाला खाजणाचा वास ओळखीचा वाटेल. समुद्र भरून काढल्यावर थोडा तरी परत द्यावा म्हणून केलेला हा किनारा 2018 मध्ये रामसार या पाणथळांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेला. टोकियोतलं ते पहिलं ठिकाण. थंडीत दुर्बीण असेल तर जरूर न्या.

पुढचा महिना

राहायलाच आला असाल तर घर बदलल्यापासून 14 दिवसांच्या आत नोंदणी करा. त्यासाठी लांबच्या मुख्य कार्यालयात जायची गरज नाही, कासाइ भागाचं कार्यालय चालतं. तिथूनच कचऱ्याचं वेळापत्रक मागून घ्या. कुठल्या वारी कुठला कचरा हे तुमच्या ठोकळ्यानुसार ठरतं आणि पिशवी त्याच दिवशी सकाळी 8 पर्यंत ठेवायची असते. आदल्या रात्री ठेवलेली आमची पिशवी पहिल्या महिन्यात कावळ्यांनी फोडली होती. सकाळी शेजारची बाई एकही शब्द न बोलता झाडू घेऊन ते आवरत होती. मी धावत जाऊन माफी मागितली, तिच्या हातातला झाडू घेतला, आणि त्या दिवसापासून आमचं बोलणं सुरू झालं.

चोकाइ किंवा जिचिकाइ, म्हणजे मोहल्ला समितीत नाव घाला. वर्गणी थोडी असते. उन्हाळ्यात बोन ओदोरीचं नाच-रिंगण असतं, त्यात कुणीही शिरावं, पुढच्याचे हात बघत पाय टाकले की झालं. आठवड्यातून एकदा सेन्तोत, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरात जा. टोकियोत मोठ्यांचा दर 2024 मध्ये 550 येन झाला. आधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचं, मगच हौदात उतरायचं, टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. म्हातारी माणसं तिथे बोलतात तशी बाहेर कुठेच बोलत नाहीत.

आता तो तिसरा नकाशा

2019 च्या मे महिन्यात एदोगावा-कु-ने पुराचा नवा नकाशा घरोघर पोचवला. मुखपृष्ठावर या भागाच्या चित्रातच ठळक लिहिलं होतं: "इथे राहून चालणार नाही." कुठल्याही सरकारी कार्यालयाने आपल्याच नागरिकांना इतकं सरळ सांगितलेलं मी पाहिलं नव्हतं. मोठं वादळ आणि मोठा पूर एकत्र आला तर पाणी एक-दोन आठवडे ओसरणार नाही, म्हणून कोतो, सुमिदा, आदाची, कात्सुशिका आणि एदोगावा या पाचही वॉर्डांबाहेर आधीच निघून जा, असा त्याचा अर्थ.

त्याच वर्षी 12 ऑक्टोबरला हागिबिस वादळ आलं. गाड्या आधीच बंद केल्या होत्या, त्यामुळे बाहेर जायची वाट उरली नव्हती. या कु-त सुमारे 35 हजार लोक शाळांमध्ये आणि सभागृहांत जमले. आम्ही एका शाळेच्या वरच्या मजल्यावर रात्र काढली. फरशीवर पुठ्ठे अंथरले होते. शेजारी ते झाडूवालं कुटुंब होतं आणि त्यांनी आमच्या मुलीसाठी अर्धं पांघरूण सरकवलं. बांध टिकला.

तेव्हापासून आमच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला आहे. तुम्हीही पहिल्याच महिन्यात तो करा. सर्वात वर तुमच्या घराच्या जमिनीची उंची, कोकुदो चिरीइनच्या नकाशावरून. त्याखाली पाच वॉर्डांबाहेरच्या एका मित्राचं किंवा नातेवाइकाचं नाव आणि पत्ता, त्यांना आधी विचारून. निघायचं कधी: वादळ दोन-तीन दिवसांवर असताना, गाड्या चालू असताना. तेवढा वेळ मिळाला नाही तर जवळची कुठली शाळा आणि तिथला कितवा मजला. पासपोर्ट, औषधं, मुलांच्या वह्या कुठल्या पिशवीत. आणि शेवटच्या ओळीत शेजाऱ्यांपैकी कुणाचं दार वाजवून मग निघायचं, त्यांचं नाव. आमच्या कागदावर तिथे आजींचं नाव आहे.